आधी संशय, मग इको
हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग आणि ध्वनिलहरींची तपासणी : प्रस्तावना

तीन आठवडे संध्याकाळची कणकण, मेलेली भूक, उतरलेलं वजन, आणि लहानपणी सांधे सुजून शाळा बुडाली होती अशी आईची आठवण. एवढ्या माहितीवर परतूरच्या किंवा मंठ्याच्या डॉक्टरांनी आणखी एक प्रतिजैविक न देता चिठ्ठीवर ‘टूडी इको’ लिहिलं, तर या पुस्तकाचा निम्मा हेतू साधला असं मी समजेन. उरलेला निम्मा हेतू शस्त्रक्रियागृहातला आहे. तिथं तीच ध्वनिलहर भूल दिलेल्या रुग्णाच्या अन्ननलिकेतून हृदयाकडे पाहते आणि सर्जनच्या हातातली सुरी कुठवर जायला हवी हे सांगते.

हृदयाच्या झडपांच्या जंतुसंसर्गावर, म्हणजे इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिसवर, इंग्रजीत जाडजूड ग्रंथ आहेत. त्यांतले बहुतेक अशा रुग्णालयांसाठी लिहिलेले असतात, जिथं फिजिशियन, इको, रक्ताची प्रयोगशाळा आणि हृदयशस्त्रक्रिया एकाच छताखाली सापडतात. जालना जिल्ह्याचा नकाशा वेगळा आहे. संशय यायचा तो घनसावंगीत किंवा जाफ्राबादला, पहिला इको व्हायचा तो जालना शहरात, आणि अन्ननलिकेतून इको व शस्त्रक्रिया यांसाठी बहुधा साठेक किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगर, नाहीतर पुणे, मुंबई गाठायची. रुग्ण या टप्प्यांवरून जातो तसा त्याचा आजारही पुढे सरकत असतो. म्हणून या विषयाची मांडणी मी यंत्रापासून न करता प्रश्नापासून केली आहे : कोणत्या टप्प्यावर इकोला नेमकं काय विचारायचं?

आधी आजार. झडपेच्या पाकळीत स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. रक्तातून आलेला जंतू तिथल्या खरखरीत, दुखावलेल्या जागी चिकटला की त्याच्याभोवती प्लेटलेट आणि फायब्रिन यांचे थर साचतात. या गाठीला व्हेजिटेशन म्हणतात. तिच्यात शरीराच्या संरक्षक पेशी फारशा शिरत नाहीत आणि औषधही कष्टानं झिरपतं. म्हणून उपचार साधारण चार ते सहा आठवडे आणि बहुतांशी शिरेतून द्यावा लागतो. गाठ तीन प्रकारे घात करते. पाकळी कुरतडून झडप गळकी करते, तुकडा सुटून मेंदू, मूत्रपिंड, प्लीहा किंवा पायाच्या धमनीत अडकतो, किंवा संसर्ग झडपेच्या कडेबाहेर जाऊन हृदयाच्या भिंतीत गळू करतो. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनमध्ये या रोगावर गुलस्टोनियन व्याख्यानं दिली, तेव्हा या तीनही गोष्टी खात्रीनं पाहायच्या तर शवविच्छेदनाच्या टेबलावरच पाहाव्या लागत. जिवंत माणसात त्या पाहता येणं, आणि वेळेत पाहता येणं, हाच पुढच्या सगळ्या इतिहासाचा विषय आहे.

पाश्चात्त्य देशांत या आजाराचा रुग्ण आज बहुधा वयस्क असतो : कृत्रिम झडप बसवलेला, पेसमेकर असलेला किंवा डायलिसिसवरचा. आपल्याकडे हे सगळे आहेतच, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत डायलिसिसची केंद्रं वाढल्यापासून मानेतल्या नळीतून शिरणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियसही वाढत्या चिंतेचा आहे. पण भारतातल्या मोठ्या रुग्णालयांनी प्रसिद्ध केलेल्या रुग्णमालिकांत १९८०च्या दशकापासून तरुण माणसं ठळकपणे दिसत आली आहेत, आणि त्यांच्यातला मोठा वाटा संधिवाती तापानं आधीच जाड झालेल्या झडपांचा आहे. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलेलं, चार-पाच वर्षांनी ते बंद पडलेलं, दातांची कीड तशीच राहिलेली : हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. जन्मजात छिद्र असलेली मुलंही याच रांगेत येतात.

आता या भागातली खरी अडचण. एन्डोकार्डायटिसच्या निदानाचे दोन खांब आहेत, रक्तात जंतू वाढणं आणि इकोत झडपेची खराबी दिसणं. पहिला खांब आपण आपल्या हातांनी पोखरतो. ताप आला की दवाखान्यात इंजेक्शन, दोन दिवस सलाईन, न उतरल्यास दुसरं औषध, मग दुसरा डॉक्टर. रक्त तपासणीला जातं तेव्हा त्यात जंतू मेलेले नसतात, पण वाढण्याच्या अवस्थेतही नसतात. अहवाल येतो ‘वाढ नाही’, आणि त्या दोन शब्दांवर आजार नसल्याचं मानलं जातं. त्यात गुरंढोरं, शेळ्यामेंढ्यांत वावरणाऱ्यांना होणारा ब्रुसेलासारखा जंतू असला, तर तो प्रयोगशाळेत मुळातच सावकाश वाढतो आणि त्याच्यासाठी रक्ताच्या वेगळ्या चाचण्या मागाव्या लागतात. प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी वेगवेगळ्या जागी सुई टोचून तीन वेळा रक्त घेण्याचा नियम साधा आहे, खर्चही फार नाही. तो पाळला जात नाही. मग सगळा भार दुसऱ्या खांबावर, इकोवर, येऊन पडतो. हा भार इको किती पेलतो आणि कुठं वाकतो, हे कळल्याशिवाय त्याच्या अहवालावर सही करू नये असं माझं मत आहे.

इकोचा जन्म झडपेच्या शस्त्रक्रियेपूर्वी पडलेल्या प्रश्नातूनच झाला, हे थोड्यांना ठाऊक असतं. स्वीडनमधल्या लुंड इथं इंगे एडलर या डॉक्टरांकडे शस्त्रक्रियेआधीच्या हृदयतपासणीची जबाबदारी होती. अरुंद झालेली मायट्रल झडप उघडण्याची शस्त्रक्रिया तेव्हा नवी होती. झडप अरुंद आहे की गळते आहे हे आधी कळायला हवं होतं, कारण गळक्या झडपेवर ती शस्त्रक्रिया जिवावर बेतली असती. भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी माल्मो बंदरातल्या जहाजकारखान्यात धातूतल्या चिरा शोधण्याचं ध्वनियंत्र पाहिलं, ते स्वतःच्या छातीवर लावून पाहिलं, आणि पुढे सीमेन्सकडून तसंच एक यंत्र उसनं मिळवलं. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांनी हृदयाच्या हलत्या प्रतिध्वनीची पहिली नोंद घेतली. लोखंडाच्या सळईवर वाढलेल्या जालना शहरातल्या वाचकाला ही वंशावळ परकी वाटू नये.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९७३ साली, अमेरिकेतल्या इंडियाना इथल्या डिलन, फायगेनबॉम आणि सहकाऱ्यांनी झडपेवरच्या व्हेजिटेशनचं इकोतलं वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हा पडद्यावर हृदय दिसत नसे. दिसायची ती एका रेषेवरच्या हालचालीची आलेखासारखी पट्टी, आणि तिच्यात एरवी बारीक असणारी पाकळीची रेष जाड, केसाळ झालेली असे. त्याच काळात आणखी एक खूण लक्षात आली, जी आजही जीव वाचवते. एऑर्टिक झडप अचानक फाटून गळू लागली की डाव्या निलयातला दाब इतका चढतो की मायट्रल झडप वेळेआधीच मिटते. अशा रुग्णात छातीतला आवाज आखूड आणि मंद असतो, ऐकणाऱ्याला फसवतो. पट्टीवरची ती अवेळी मिटलेली झडप फसवत नाही. ज्याला हे दिसलं त्यानं सकाळची वाट पाहू नये.

द्विमितीय इको, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘टूडी’, आला आणि चित्र उलगडलं. १९९४ साली ड्यूक विद्यापीठातल्या ड्युरॅक आणि सहकाऱ्यांनी निदानाचे निकष मांडले, तेव्हा इकोतल्या पुराव्याला त्यांनी रक्ताच्या तपासणीच्या बरोबरीचं, म्हणजे प्रमुख निकषाचं, स्थान दिलं. २००० साली ते सुधारले गेले. २०२३च्या आवृत्तीत सीटी आणि पेट-सीटी आत आले, शिवाय शस्त्रक्रियेत सर्जननं डोळ्यांनी पाहिलेली खराबीही प्रमुख निकष ठरली. ही शेवटची भर मला फार अर्थपूर्ण वाटते. तिचं कारण शस्त्रक्रियागृहाच्या भागात येईल.

छातीवरून केलेल्या इकोकडे आधी पाहू, कारण जिल्ह्यात बहुतेकांच्या वाट्याला तोच येतो. व्हेजिटेशन साधारणपणे झडपेच्या कमी दाबाच्या बाजूला असते : मायट्रलची अलिंदाच्या अंगाला, एऑर्टिकची निलयाच्या अंगाला. वाऱ्यावर फडफडणाऱ्या चिंधीसारखी ती पाकळीपेक्षा वेगळ्या लयीत हलते. असं सांगितलं की सोपं वाटतं. पण संधिवातानं जाड, गाठाळलेली, चुना साचलेली झडप समोर असली की अनुभवी माणूसही अडखळतो. तुटलेला तंतू, जुना चुना, रक्ताची गुठळी, वयानुसार एऑर्टिक झडपेला येणारे लांब्लचे बारीक धागे, ल्युपसमधली निर्जंतुक गाठ, हे सगळे व्हेजिटेशनचं सोंग घेतात. इकोला जंतू दिसत नाही, आकार आणि हालचाल दिसते. म्हणून अहवालात ‘व्हेजिटेशन’ लिहिण्याआधी ताप, रक्त आणि जुना इको यांची चौकशी करावी. तुलनेसाठी जुना इको असणं हे संधिवाती झडपेच्या रुग्णासाठी सोन्याहून मोलाचं आहे, आणि तो बहुधा घरी कुठल्यातरी पिशवीत असतो. मागायला हवा.

दुसरीकडे, इकोत काही दिसलं नाही याचा अर्थ किती? २०१५च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी दिलेले आकडे असे : स्वतःच्या झडपेवरच्या व्हेजिटेशनपैकी छातीवरून सुमारे ७० टक्के दिसतात, कृत्रिम झडपेवरच्या सुमारे ५० टक्के. अन्ननलिकेतून केलेल्या इकोसाठी हेच आकडे अनुक्रमे ९६ आणि ९२ आहेत. फरकाचं कारण शरीररचनेत आहे. अन्ननलिका डाव्या अलिंदाच्या पाठीला जवळजवळ टेकलेली असते. मधे बरगडी नाही, फुप्फुसाची हवा नाही, चरबी नाही. अंतर कमी म्हणून जास्त वारंवारतेची लहर वापरता येते आणि बारीक तपशील उमटतो. १९७६ साली शिकागोत अन्ननलिकेतून पहिली एकरेषीय नोंद झाली, आणि १९८०च्या दशकात एन्डोस्कोपच्या टोकावर बसवलेल्या स्फटिकांनी ती रोजच्या वापरात आणली. रुग्णाला सहा तास उपाशी ठेवायचं, घशात लिग्नोकेनचा फवारा मारायचा, थोडी गुंगी द्यायची. गिळताना अडकतं का, रक्ताची उलटी झाली होती का, हे आधी विचारायचं. अन्ननलिका अरुंद असेल किंवा तिच्यात फुगलेल्या शिरा असतील तर नळी जीव घेऊ शकते.

गळवाच्या बाबतीत हा फरक अधिक झोंबतो. १९९१ साली जर्मनीतल्या डॅनिएल आणि सहकाऱ्यांनी ११८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेत किंवा शवविच्छेदनात सिद्ध झालेल्या गळवांपैकी छातीवरच्या इकोला २८ टक्के दिसली होती, अन्ननलिकेतल्या इकोला ८७ टक्के. हा आकडा वाचून निर्धास्त होणाऱ्यांसाठी २००७चा बेल्जियममधला अभ्यास आहे, ज्यात अन्ननलिकेतूनही जवळपास निम्मीच गळवं सापडली. सुरुवातीचं गळू म्हणजे पोकळी नसते, महाधमनीच्या मुळाशी आलेली नुसती जाडी असते, आणि कडेला चुना असला की तीही झाकली जाते. कृत्रिम झडपेची सावली वेगळीच कोडी घालते. धातूच्या मायट्रल झडपेमागचा अलिंद छातीवरून अंधारात जातो, तिथं अन्ननलिका उपयोगी. उलट कृत्रिम एऑर्टिक झडपेची पुढची बाजू अन्ननलिकेतून सावलीत जाते, तिथं छातीवरचा इकोच कामाला येतो. एक केला म्हणून दुसरा वगळू नये. आणि संशय दाट असताना पहिली तपासणी कोरी आली, तर पाच ते सात दिवसांनी ती पुन्हा करावी.

अन्ननलिकेतला इको जवळ नसेल तिथं काय करायचं? रोज एक ईसीजी काढायचा. विद्युतवहनाची गाठ महाधमनीच्या मुळाला लागून असते. गळू तिच्याकडे सरकलं की पीआर अंतर लांबत जातं. एऑर्टिक झडपेच्या संसर्गात हे अंतर नव्यानं वाढलेलं दिसलं, तर तो कागद घेऊन रुग्णाला त्याच दिवशी हलवावं. बदनापूर तालुक्यातल्या वरुडीचं खाजगी वैद्यकीय महाविद्यालय काही वर्षांपासून आहे, जालन्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झालं, पलीकडे छत्रपती संभाजीनगरात १९५६ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे ‘घाटी’, आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, आणि मुंबईकडे वंदे भारतही जाते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रिया आहेत. म्हणजे रस्ता आहे, पैशाची काही सोय आहे. उशीर होतो तो बहुधा चिठ्ठी लिहायला. (यंत्र गावोगाव फिरवावं असं कुणाला वाटेल, तर आठवण असू द्यावी : गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानंच १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. इकोचं यंत्रही त्या कायद्यातल्या नोंदणीतून सुटत नाही, आणि हा जाच आपल्याच वागण्यानं ओढवलेला आहे.)

शस्त्रक्रिया केव्हा, यावर इकोचं वजन किती पडतं हे २०१२च्या एका कोरियन चाचणीनं दाखवलं. झडप गंभीर बिघडलेले आणि दहा मिलिमीटरहून मोठी गाठ असलेले ७६ रुग्ण घेऊन अर्ध्यांची शस्त्रक्रिया ४८ तासांत केली. सहा आठवड्यांत या गटात एकाही रुग्णात तुकडा सुटला नाही, थांबलेल्या गटात २१ टक्क्यांत सुटला. चाचणी लहान आहे, रुग्ण निवडक आहेत. तरी अहवालात ‘मोठी व्हेजिटेशन’ असं मोघम न लिहिता तिची लांबी मिलिमीटरमध्ये का लिहावी, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आता शस्त्रक्रियागृह. भारतात तिथला इको प्रामुख्यानं हृदय-भूलतज्ज्ञ करतात. १९९८ पासून निघणारं ‘अॅनल्स ऑफ कार्डियाक अॅनेस्थेसिया’ हे नियतकालिक त्यांच्या या कामाचा चांगला आरसा आहे. श्वासनलिकेत नळी घातल्यावर अन्ननलिकेत दुसरी नळी जाते, आणि छाती उघडण्याआधी सगळं हृदय पुन्हा नव्यानं पाहिलं जातं. जुन्या अहवालावर विसंबून टेबलाशी उभं राहू नये. दोन दिवसांत पाकळीला भोक पडलेलं असू शकतं. गळक्या एऑर्टिक झडपेचा झोत मायट्रलच्या पुढच्या पाकळीवर आदळून तिथं नवा संसर्ग झालेला असू शकतो. एका झडपेसाठी आलेला रुग्ण दोन झडपांचा निघतो तो इथं. आणि परवा दिसलेली गाठ आज दिसत नसेल तर आनंद मानू नये, ती कुठं गेली ते शोधावं.

या तपासणीत एक सापळा आहे. भुलीनं रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो, आणि वॉर्डात तीव्र असलेली मायट्रलची गळती टेबलावर मध्यम दिसते. सर्जन पडद्याकडे पाहून म्हणतो, ‘एवढी नाहीये हो.’ अशा वेळी फेनिलेफ्रिननं दाब जागेपणीच्या पातळीवर आणून पुन्हा पाहावं, आणि निर्णय जागेपणीच्या इकोवर ठेवावा. भोक किंवा फाटलेली पाकळी मात्र दाब उतरला म्हणून नाहीशी होत नाही, म्हणून रंगाच्या झोतापेक्षा रचनेवर अधिक विश्वास ठेवायला शिकावं. सर्जन डायथर्मी चालवतो तेव्हा पडद्यावर नुसत्या रेघा उमटतात. त्याला क्षणभर थांबायला सांगण्याचा भूलतज्ज्ञाला संकोच वाटू नये.

एऑर्टिक झडप गळकी असेल तर हृदय थांबवणारं द्रावण महाधमनीच्या मुळात सोडून भागत नाही, ते निलयात उतरून त्याला फुगवतं. ते थेट हृदयधमन्यांच्या मुखात किंवा उलट्या दिशेनं कोरोनरी सायनसमधून द्यावं लागतं, आणि तिथली नळी जागेवर आहे की नाही हे इको दाखवतो. महाधमनीला चिमटा लागेपर्यंत सैल गाठ असलेलं हृदय कमीत कमी हाताळायचं. मग हृदय थांबतं, पडदा मुका होतो, आणि सर्जन झडप उघडून पाहतो. इकोच्या प्रत्येक विधानाची इथं उलटतपासणी होते. जाडी म्हटलेल्या जागी पू निघतो, किंवा गळू म्हटलेल्या जागी जुना चुना. २०२३च्या निकषांनी सर्जनच्या नजरेला दिलेलं स्थान मला याच क्षणामुळे पटतं. इको करणाऱ्यानं या वेळी खुर्ची सोडून टेबलाशी जाऊन आत डोकावावं. आपला डोळा तयार होण्याची इतकी चांगली जागा दुसरी नाही.

हृदय-फुप्फुस यंत्राच्या पंपावरून उतरताना तपासणी पुन्हा सुरू होते आणि हाताशी काही मिनिटंच असतात. नव्या धातूच्या झडपेच्या कड्याच्या आत दिसणारे बारीक झोत तिच्या रचनेचेच असतात. कड्याच्या बाहेरून येणारा झोत टाक्याच्या फटीतला असतो. बारीक असेल तर प्रोटामिन दिल्यावर मिटू शकतो, रुंद असेल तर नाही, आणि संसर्गानं पिचलेल्या ऊतीत टाका धरत नाही म्हणून इथं त्याची भीती जास्त. उरलेली हवा वर, पुढे जाते. उजव्या हृदयधमनीचं मुख नेमकं तिथंच आहे, त्यामुळे उजवं निलय एकाएकी फुगलं आणि सुस्तावलं तर आधी हवेचा विचार करून दाब वाढवून थांबावं. मायट्रल झडपेच्या टाक्यानं शेजारची सर्कम्फ्लेक्स धमनी दुमडली असेल, तर बाजूची भिंत हलत नाही, आणि ती थांबून सुधारत नाही. झडप दुरुस्त केली असेल तर तिची पुढची पाकळी महाधमनीच्या वाटेत ओढली जाते का हेही पाहायचं. या सगळ्यांतून एकच प्रश्न उरतो : परत पंपावर जायचं का? थकलेल्या चमूला, रात्री अकरा वाजता, ‘जावं लागेल’ असं सांगण्याचं काम पडद्यासमोर बसलेल्याचं आहे. तंत्र शिकवता येतं, हे सांगण्याचं धाडस शिकवायला मला अजून प्रकरण लिहिता आलेलं नाही.

तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वाचकानं पुढची पानं ताप आणि रक्ततपासणीच्या प्रकरणापासून वाचावीत, इको करणाऱ्यानं सोंगांच्या प्रकरणापासून, आणि भूलतज्ज्ञानं शेवटून सुरुवात केली तरी चालेल. काढलेली झडप जंतू वाढवण्यासाठी आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, दोन्हीकडे पाठवायची असते. तो अहवाल, बसवलेल्या झडपेचा प्रकार आणि माप, आणि घरी सोडण्यापूर्वीचा इको, एवढे कागद रुग्णाच्या पिशवीत असावेत. पहिल्या वर्षात साधारण १, ३, ६ आणि १२ महिन्यांनी त्याला पुन्हा तपासायचं असतं, आणि ती तपासणी जालन्यातच, पहिला इको केलेल्या माणसाच्या हातून होऊ शकते.